थांबल्याने मिळालेले, केल्याने टिकलेले : नाशिकच्या टाळेबंदीचा इतिहास

नाशिकचे जीवन तीन प्रकारच्या वर्दळीवर चालते. गोदाकाठी स्नानदानासाठी येणारे यात्रेकरू, सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत पाळीवर जाणारे कामगार, आणि दिंडोरी, निफाड, चांदवडकडून बाजार समित्यांत व तेथून देशभर जाणारा शेतमाल, या तिन्हींवर शहराची आणि जिल्ह्याची मिळकत अवलंबून असते. दुष्काळाने, मंदीने वा संपाने यांतली एखादी वर्दळ मंदावल्याचे प्रसंग जिल्ह्याने अनेकदा पाहिले होते. मार्च २०२० च्या अखेरीस मात्र तिन्ही एकाच आठवड्यात थांबल्या. त्या थांबण्याने माणसे उघड्यावर पडली, रोजगार बुडाले, उभी पिके वाया गेली. तरीही त्याच काळात कोणी न योजलेले काही बदल घडून आले आणि त्यांतले काही आजही अंगवळणी पडलेले दिसतात. कोणते टिकले आणि कोणते विरले याचा माग काढला, तर एक सूत्र हाती लागते: केवळ थांबल्यामुळे जे मिळाले ते वर्दळ सुरू होताच गेले, आणि अडचणीतून वाट काढताना लोकांनी जे स्वतः केले ते, त्याची पूर्वतयारी जिथे आधीच झालेली होती तिथे, टिकून राहिले.

राज्यातील पहिले करोनाबाधित रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले आणि १३ मार्चला महाराष्ट्र शासनाने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. मुंबई इलाख्यातील प्लेगला आवर घालण्यासाठी ब्रिटिश सरकारने घाईघाईने केलेला हा कायदा मोजक्या कलमांचा असला, तरी प्रवाशांची तपासणी करणे, संशयितांना वेगळे ठेवणे आणि तात्पुरते नियम जारी करणे असे विस्तृत अधिकार तो प्रशासनाला देतो. प्लेगच्या काळात उपाय घर सोडण्याचा होता. रोगाचा वावर घरातल्या उंदीर-पिसवांत असल्याने लोक घरे रिकामी करून गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहत. सव्वाशे वर्षांनी त्याच कायद्याच्या आधाराने उलटी आज्ञा निघाली, कारण नवा विषाणू माणसाच्या श्वासावाटे पसरणारा होता आणि त्यावर ना लस होती ना खात्रीचे औषध. २२ मार्चचा जनता कर्फ्यू, २३ मार्चला राज्यभर जाहीर झालेली संचारबंदी आणि २४ मार्चच्या रात्री घोषित झालेली २१ दिवसांची देशव्यापी टाळेबंदी, अशा तीन पायऱ्यांत दार बंद झाले.

नाशिकमध्ये याचा पहिला परिणाम चैत्राच्या उत्सवांवर दिसला. २ एप्रिलला रामनवमी होती. काळाराम मंदिराचे दरवाजे भाविकांसाठी बंद राहिले, कामदा एकादशीला निघणारी राम आणि गरुड यांची रथयात्रा रद्द झाली, आणि खानदेशातून पायी येणाऱ्या भाविकांनी दरवर्षी फुलणारा सप्तशृंगगडावरचा चैत्रोत्सवही झाला नाही. औद्योगिक वसाहतींतले भोंगे थांबले, नाशिकरोडच्या सरकारी मुद्रणालयांतले कामही काही काळ बंद राहिले. मार्च संपता संपता जिल्ह्यातला पहिला रुग्ण निफाड तालुक्यात लासलगावजवळ सापडला, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शहरात रुग्ण आढळला आणि ८ एप्रिलला मालेगावातून एकदम अनेक रुग्णांची बातमी आली.

यंत्रमागांचे शहर असलेले मालेगाव पुढचे दोन महिने राज्याच्या चिंतेचा विषय झाले. एका खोलीत आठ-दहा माणसे राहणाऱ्या वस्त्यांत अंतर राखण्याचा नियम पाळणे मुळातच अशक्य होते, आणि माग बंद पडल्याने हातावर पोट असलेल्या कुटुंबांची मिळकतही थांबली होती. त्यात भीतीपोटी खासगी दवाखाने बंद झाले, त्यामुळे मधुमेह, रक्तदाब, दमा असलेल्यांना साधे उपचार मिळेनासे झाले आणि करोनाखेरीजच्या मृत्यूंची संख्याही वाढली. बंदोबस्तासाठी आलेल्या पोलिसांपैकीही अनेकांना लागण झाली. प्रशासनाने गल्लीबोळांतले दवाखाने पुन्हा उघडायला लावले, धर्मगुरू आणि स्थानिक डॉक्टरांना सोबत घेतले, तेव्हा लोक तपासणीसाठी पुढे येऊ लागले. जूनपर्यंत साथीचा जोर ओसरला. मन्सुरा येथील युनानी महाविद्यालयाच्या काढ्याची त्या काळात राज्यभर चर्चा झाली. परंतु मालेगावचा खरा धडा काढ्यापेक्षा जवळचा डॉक्टर आणि त्याच्यावरचा विश्वास यांविषयीचा होता.

याच सुमारास मुंबई-आग्रा महामार्गावर दुसरे चित्र उभे राहिले. मुंबई, ठाणे, भिवंडीतून निघालेले मजूर कसारा घाट चढून इगतपुरी, नाशिक, मालेगावमार्गे उत्तरेकडे पायी जाऊ लागले. सीमा बंद असल्याने त्यांपैकी अनेकांना जिल्ह्यातल्या निवारा केंद्रांत थांबवण्यात आले, आणि रस्त्यालगतची गावे, गुरुद्वारे व स्वयंसेवी संस्था यांनी त्यांच्या जेवणाखाणाची व्यवस्था केली. परराज्यांतील मजुरांसाठीच्या ‘श्रमिक’ विशेष गाड्या १ मे २०२० रोजी सुरू झाल्या, तेव्हा महाराष्ट्रातली पहिली गाडी नाशिकरोडहूनच भोपाळसाठी सुटली आणि तिच्यातून सव्वातीनशेहून अधिक मजूर गेले. टाळेबंदीतून मिळालेल्या कोणत्याही लाभाचा हिशेब मांडताना हा रस्ता विसरता येत नाही, कारण घरात थांबण्याची सोय ज्यांच्यापाशी होती त्यांनाच त्या थांबण्यातून काही मिळवता आले.

शेतीचे संकट त्याहून वेगळे होते. देशातून होणाऱ्या द्राक्षनिर्यातीत नाशिकचा वाटा सर्वांत मोठा असून जानेवारी ते एप्रिल हा तिचा हंगाम असतो. बाग खरडछाटणीला यायच्या आधी माल उतरवावाच लागतो. तो वेलीवर ठेवला तर पुढच्या वर्षीच्या पिकाला धक्का बसतो. टाळेबंदी नेमकी काढणीच्या ऐन भरात आली. परराज्यांतले व्यापारी निघून गेले, कंटेनर अडले, दर कोसळले, आणि अनेक बागाईतदारांनी तयार द्राक्षांचे बेदाणे करण्याचा मार्ग धरला. बेदाणा हा मुख्यतः सांगली, तासगाव आणि सोलापूर भागाचा धंदा. नाशिकची द्राक्षे ताजी खाण्यासाठी पिकवलेली. तरीही शेतांत पत्र्याखाली आणि शेडनेटखाली जाळ्यांचे रॅक उभे राहिले. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवून त्यांच्यावरचा मेणासारखा थर सैल करायचा, ते जाळीवर पसरायचे आणि सावलीत दोनएक आठवडे वाळू द्यायचे, अशी ती पद्धत आहे. सुमारे चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा होतो. त्यातून फार फायदा झाला नाही. पण नाशवंत माल टिकाऊ करून ठेवता येतो, ही गोष्ट ताज्या द्राक्षांवरच विसंबलेल्या बागाईतदाराला स्वतःच्या हाताने करून कळली.

दुसरा मार्ग थेट विक्रीचा होता. शेतकऱ्यांनी व्हॉट्सॲपच्या गटांवर मागणी नोंदवून घेऊन द्राक्षे, टोमॅटो, पालेभाज्या यांच्या पेट्या नाशिक, मुंबई, पुण्याच्या गृहसंकुलांच्या फाटकापर्यंत पोहोचवायला सुरुवात केली. ही व्यवस्था एका रात्रीत उभी राहिल्यासारखी दिसली, तरी तिचा पाया आधीच घातलेला होता. फळे आणि भाजीपाला यांची विक्री बाजार समितीच्या आवाराबाहेर करण्याची मोकळीक महाराष्ट्राने २०१६ मध्येच दिली होती. शेतकरी उत्पादक कंपनी, म्हणजे शेतकरीच सभासद आणि मालक असलेली, पण कंपनी कायद्याखाली नोंदलेली संस्था, हा प्रकारही जिल्ह्यात रुजला होता. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स ही त्यांतली सर्वांत मोठी. प्रतवारी, शीतगृह आणि पॅकिंगची यंत्रणा तिच्यापाशी होती, त्यामुळे निर्यात अडली तेव्हा तीच यंत्रणा शहरातल्या घरांकडे वळवता आली. ज्यांच्यापाशी अशी यंत्रणा नव्हती, त्या एकेकट्या शेतकऱ्यांपैकी अनेकांची थेट विक्री बाजार पूर्ववत होताच बंद पडली; ज्यांनी गट बांधला, वजन आणि प्रत यांची शिस्त राखली, त्यांचे ग्राहक टिकले. शहरातल्या ग्राहकालाही भाजी कोणाच्या शेतातली आहे हे विचारण्याची सवय लागली.

रेल्वेच्या बाबतीतही हेच घडले. नाशवंत मालासाठी किसान रेल्वे चालवण्याची घोषणा फेब्रुवारी २०२० च्या केंद्रीय अर्थसंकल्पात, म्हणजे टाळेबंदीपूर्वीच, झाली होती; प्रवासी गाड्या थांबल्याने रूळ मोकळे होते आणि रस्त्याची वाहतूक बेभरवशाची झाली होती, म्हणून ती लगेच अमलात आली. ७ ऑगस्ट २०२० रोजी देशातली पहिली किसान रेल्वे देवळालीहून बिहारमधील दानापूरकडे निघाली आणि सुमारे १,५१९ किलोमीटरचे अंतर तिने ३२ तासांच्या आसपास कापायचे असे ठरले. मनमाड, भुसावळ, खांडवा, जबलपूर अशा स्थानकांवर थोडा थोडा माल चढवण्या-उतरवण्याची सोय असल्याने अख्खा ट्रक भरण्याइतका माल नसलेल्या शेतकऱ्यालाही ती परवडू लागली. पुढे भाड्यात निम्मी सवलत मिळाल्यावर डाळिंब, द्राक्षे, ढोबळी मिरची या मालाचा ओघ वाढला. कालांतराने गाडी नियमित राहिली नाही. परंतु पूर्वेकडील बाजार रेल्वेने गाठता येतो हे एकदा सिद्ध झाल्यावर ती पुन्हा सुरू करण्याची मागणी शेतकरी सातत्याने करत राहिले.

जूनपासून राज्य शासनाने टप्प्याटप्प्याने निर्बंध शिथिल केले, पण उत्सवांना मोकळीक मिळाली नाही. त्र्यंबकेश्वरहून पंढरीला जाणारी संत निवृत्तिनाथांची पालखी त्या वर्षी मोजक्या वारकऱ्यांसह एसटी बसने गेली. ऑगस्टमध्ये आलेल्या गणेशोत्सवासाठी सार्वजनिक मूर्तीची उंची चार फूट आणि घरगुती मूर्तीची दोन फूट अशी मर्यादा शासनाने घातली, आणि विसर्जनाची गर्दी टाळण्यासाठी घरच्या घरी बादलीत किंवा कृत्रिम तलावात मूर्ती विसर्जित करण्याचे आवाहन झाले. नाशिकला ही कल्पना नवी नव्हती. ‘देव द्या, देवपण घ्या’ या नावाने विद्यार्थी कितीतरी वर्षे गोदाकाठी उभे राहून भाविकांकडून मूर्ती स्वीकारत होते, आणि महापालिकाही मूर्ती संकलन केंद्रे चालवत होती. जे पूर्वी विनंती करून सांगावे लागे, ते त्या वर्षी बहुसंख्य घरांनी केले. पुढे मंडपांची आणि मिरवणुकांची भव्यता परतली. लहान शाडूची मूर्ती आणि घरगुती विसर्जन यांना मात्र अनेक कुटुंबांत कायमची जागा मिळाली.

गोदावरीची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. रामकुंडापासून तपोवनापर्यंतचे पात्र त्या उन्हाळ्यात एरवीपेक्षा स्वच्छ दिसू लागले, आणि हवाही इतकी निवळली की दूरचे डोंगर स्पष्ट दिसत. कारणे उघड होती: यात्रेकरूंचे स्नान आणि निर्माल्य, काठावर धुतले जाणारे कपडे व वाहने, कारखान्यांचे सांडपाणी आणि रस्त्यावरचा धूर, हे सारे एकाच वेळी थांबले होते. परंतु शहराच्या लाखोंच्या लोकवस्तीचे घरगुती मैलापाणी थांबलेले नव्हते. नासर्डी आणि वाघाडीसारखे नाले त्याही काळात गोदावरीलाच मिळत होते, आणि नदीप्रदूषणाबाबत मुंबई उच्च न्यायालयात २०१२ पासून चाललेल्या जनहित याचिकेत मैलापाणी हाच वादाचा मध्यवर्ती मुद्दा होता. नदी काही प्रमाणात निवळली ती माणसाने हात आखडता घेतल्यामुळे. कोणी प्रक्रिया केंद्र वाढवल्यामुळे किंवा नाला वळवल्यामुळे नव्हे. त्यामुळे घाट गजबजताच पाणी पूर्वपदाला गेले आणि पाणवेली परतल्या. हवेचेही तसेच झाले. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात प्रदूषणाची मर्यादा न पाळू शकणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिकचे नाव आधीपासून होते आणि टाळेबंदीने ते पुसले गेले नाही. तरीही या दोन महिन्यांनी एक पुरावा मागे ठेवला, की नदीची अवस्था निसर्गाने ठरवून दिलेली नाही.

शरीराच्या सवयींत सायकलचे पुनरागमन सर्वांत ठळक ठरले. व्यायामशाळा आणि तरणतलाव बंद असताना पहाटे मोकळ्या रस्त्यावर एकट्याने करता येण्याजोगा व्यायाम म्हणून लोकांनी अडगळीतल्या सायकली बाहेर काढल्या. सायकल उत्पादकांच्या अखिल भारतीय संघटनेच्या आकडेवारीनुसार मे ते सप्टेंबर २०२० या पाच महिन्यांत देशात जवळपास ४२ लाख सायकली विकल्या गेल्या. ही लाट सगळीकडे आली आणि बहुतेक ठिकाणी ओसरली. नाशिकमध्ये ती अधिक मुरली, कारण येथे सायकलस्वारांची संघटना, नाशिक-पंढरपूर सायकल वारी आणि अनुकरणासाठी माणसे आधीच होती: डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर धावणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली होती, आणि २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पार केली. रस्त्यांवर मात्र सायकलसाठी राखलेली जागा नगण्यच राहिल्याने सायकल बव्हंशी पहाटेच्या व्यायामापुरती राहिली, कामावर जाण्याचे वाहन झाली नाही.

पैशाच्या व्यवहारातला बदल नाशिकसाठी काहीसा गमतीचा होता, कारण १९२८ पासून नाशिकरोडला चलनी नोटा छापल्या जातात. नोटेला हात लावण्याची भीती आणि सुट्या पैशांची अडचण यांमुळे यूपीआय, म्हणजे मोबाइलवरून एका बँक खात्यातून दुसऱ्यात तत्काळ पैसे पाठवण्याची २०१६ पासूनची व्यवस्था, भाजीवाल्याच्या हातगाडीपर्यंत आली. एप्रिल २०२० मध्ये बाजारच बंद असल्याने देशातले असे व्यवहार शंभर कोटींच्या किंचित खाली घसरले होते; ऑक्टोबरमध्ये त्यांनी दोनशे कोटींचा टप्पा ओलांडला आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते बाराशे कोटींवर गेले. साथ संपली तरी ही सवय मागे फिरली नाही, कारण तिच्यात विकणारा आणि घेणारा दोघांचीही सोय होती.

शिक्षणात लाभ आणि हानी एकमेकांत गुंतलेली आहेत. घरी राहून शिकणाऱ्यांसाठी १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकमध्येच आहे, आणि दूरशिक्षणाची जी रीत तोवर नोकरदार व गृहिणींची मानली जाई, ती अचानक सर्वांची झाली. ‘असर’ या वार्षिक पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले. परंतु सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या आदिवासी पाड्यांवर फोन असला तरी रेंज नव्हती, आणि रेंज असली तरी तो फोन वडिलांसोबत मजुरीला जात असे. मोठ्या माणसाला जी पद्धत सोयीची ठरली, ती अक्षरओळखीच्या वयातल्या मुलाला पुरी पडली नाही.

आरोग्यव्यवस्थेला शिकावे लागले ते सर्वांत मोठी किंमत मोजून. दुसऱ्या लाटेच्या भरात, २१ एप्रिल २०२१ रोजी, महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून दाब कमी झाला आणि २२ रुग्णांचा मृत्यू झाला. यानंतरच्या काळात हवेतील नायट्रोजन शोषून प्राणवायू वेगळा काढणारे प्रकल्प जिल्ह्यातल्या रुग्णालयांत उभे राहिले, आणि टाक्यांची देखभाल हा विषय कागदावरून प्रत्यक्षात आला. दुसरीकडे, दूरध्वनी किंवा चित्रफोनवरून रुग्ण तपासण्याला देशात स्पष्ट नियमावली मिळाली ती २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. पाठोपाठ १३ एप्रिलला ‘ई-संजीवनी’ ही सरकारी बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली. नुसता अहवाल दाखवायला खेड्यातून दिवस मोडून शहरात येण्याची गरज त्यामुळे कमी झाली.

घराच्या चौकटीतही फेरबदल झाले. संगणकावर काम करणाऱ्या, पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या अनेक नाशिककरांनी आईवडिलांच्या घरातून काम केले, आणि काहींनी ती मुभा संपूनही आठवड्यातले काही दिवस राखले. राज्याने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केल्याने, कामासाठी वेगळी खोली असलेले घर घेण्याच्या विचाराला बळ मिळाले. लग्नाला आधी ५० आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये तर २५ माणसांची व दोन तासांची मर्यादा आली, तेव्हा कर्ज न काढताही लग्न लागते याचा अनुभव अनेक मध्यमवर्गीय व शेतकरी घरांनी घेतला. हा बदल मात्र थांबवल्यामुळे आलेला होता; मर्यादा उठताच लॉन्स पुन्हा भरली. सार्वजनिक कार्यक्रमांनी मधला मार्ग धरला: मार्च २०२१ मध्ये व्हायचे ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पुढे ढकलले जाऊन ३ ते ५ डिसेंबरला नाशिकमध्ये भरले, आणि प्रकृतीमुळे येऊ न शकलेले अध्यक्ष जयंत नारळीकर यांचे भाषण चित्रफितीद्वारे ऐकवले गेले. दोन वर्षांपूर्वी असे अध्यक्षीय भाषण क्वचितच कोणी स्वीकारले असते.

या साऱ्याचा एकत्र विचार केला, तर टाळेबंदीने नाशिकला फारसे नवे काही दिले असे म्हणता येत नाही. उत्पादक कंपन्या, मूर्ती संकलन, सायकलचा छंद, मोबाइलचा व्यवहार, दूरशिक्षण ही सर्व बीजे आधीच पडलेली होती. टाळेबंदीने काही महिने पर्यायच ठेवला नाही, म्हणून वर्षानुवर्षे रेंगाळलेला स्वीकार एका हंगामात झाला. तो कोणाच्या पदरात पडला, याचे उत्तर आधीच्या विषमतेने ठरवले. महामार्गावरून चालत गेलेल्या मजुराला आणि पाड्यावरच्या मुलाला त्यातले फार थोडे मिळाले. आणि जिथे कोणी काही केलेच नव्हते, तिथे काही टिकलेही नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी लाखो भाविक गोदावरीत उतरतील तेव्हा त्यांना घरी थांबवून नदी स्वच्छ ठेवण्याचा मार्ग उपलब्ध नसेल. नाले अडवणे, मैलापाण्यावर पूर्ण प्रक्रिया करणे आणि ती केंद्रे वर्षभर नेकीने चालवणे एवढाच मार्ग उरतो, आणि तो २०२० च्या आधीही तोच होता.